अर्धी शेड

घोडेगावच्या एसटी स्टँडजवळ माझं फ्रेमचं दुकान आणि शफीभाईंचा फोटो स्टुडिओ यांच्यामध्ये एकच पत्रा आहे. तिकडं कुणी शिंकलं की इकडं ऐकू येतं. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, शाळेच्या निरोप समारंभाचे ग्रुप फोटो हे सगळं मी काचेत बसवतो, पण आम्हा दोघांचा खरा धंदा गेलेल्या माणसांचा. घरातलं माणूस गेलं की दशक्रियेच्या आत फोटो लागतो. लोक रडत आधी शफीभाईंकडं जातात आणि डोळे पुसत माझ्याकडं येतात. माझं नाव गेणभाऊ. तोंडाने मी फटकळ आहे असं लोक म्हणतात आणि ते काही खोटं नाही. शफीभाई मला सख्ख्या भावाच्या जागी आहेत. तरी त्यांच्यावर मी एकदा जेवढा चिडलो तेवढा आयुष्यात कुणावर चिडलेलो नाही.

शफीभाई मूळचे जुन्नरचे. आडनाव कागदी. त्यांचे आजोबा हातकागद करायचे. तो धंदा बसला, मग नातवाने पुण्यात एका स्टुडिओत हाताखाली राहून काम शिकून घेतलं आणि इथं येऊन पाटी लावली. त्यांच्या खिशात कायम एक धुतलेला पांढरा रुमाल असायचा. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या कपाळावरचा घाम टिपल्याशिवाय ते बटण दाबायचे नाहीत. समोर सरपंच असो नाहीतर मोळी विकायला आलेली ठाकराची बाई, रुमाल फिरायचाच. मी म्हणायचो, "शफीभाई, एक दिवस कुणीतरी तुमच्या थोबाडीत देणार." ते म्हणायचे, "देऊ द्या राव, फोटो तर नीट येईल."

त्यांच्या स्वतःच्या घरी भिंतीवर एकही फोटो नाही. त्यांच्यात गेलेल्या माणसांचे फोटो लावत नाहीत. आईचासुद्धा नाही. म्हणूनच की काय, दुसऱ्यांची गेलेली माणसं ते फार जीव लावून करायचे.

ते करायचं म्हणजे शेड द्यायची. फोटोत चेहरा उजळ ठेवायचा आणि चारी कडा हळूहळू काळवंडत न्यायच्या, म्हणजे बघणाऱ्याची नजर चेहऱ्यावरून हलत नाही. अंधाऱ्या खोलीत ते तारेला लावलेला अंड्याच्या आकाराचा पुठ्ठा चेहऱ्यावर धरून हलवत राहायचे. मध्ये उजेड कमी पडायचा, कडांना जास्त, आणि कागदावर उजेड जास्त पडतो तिथं काळं होतं. हे मला त्यांनीच सांगितलं, आणि दहा वेळा सांगूनही मला ते उलटंच वाटतं.

आता शेड जिवंत माणसालाही देता येते, पुण्यात देतातही. पण आमच्याकडं वर्षानुवर्षं फक्त गेलेल्यांनाच दिली गेली, त्यामुळे डिंभ्यापासून थेट आहुप्यापर्यंत लोकांच्या डोक्यात एकच बसलं, शेड म्हणजे माणूस गेलेलं. एकदा शफीभाईंनी हौसेने गावातल्या लंकाबाईच्या पोरीच्या, प्राचीच्या, स्थळांना दाखवायच्या फोटोला हलकी शेड दिली. पाहुण्यांनी फोटो उलट पाठवला आणि विचारलं, "मुलगी हाय ना?" लंकाबाईने स्टँडवर उभं राहून शफीभाईंच्या सात पिढ्या काढल्या. मी पत्र्याआड पोट धरून हसत होतो. तेव्हापासून काम घेताना विचारायचं ठरलं, शेड की बिनशेड. माझ्याकडं फ्रेमला आलेला फोटो बघून मलाही कळायचं की हाराला खिळा मारायचा की नाही.

दोन हजार साली पावसाळ्यानंतर डिंभ्याचा भगवंत फोटो काढायला आला. वीस-एकविशीचं पोरगं, डाव्या भुवईत बारीक खोक, अंगात इस्त्रीचा शर्ट. मंचरच्या बाजारातून कांदा घेऊन जाणाऱ्या एका ट्रकवर तो क्लीनर होता आणि आता ड्रायव्हर व्हायचं म्हणत होता.

"लायसनला फोटो पायजे," तो म्हणाला. "आन् एक मोठाबी काढा शफीभाऊ. आईला देतो. मी घरात नसतो तर ती सारखी रस्त्याकडं बघत बसती."

शफीभाईंनी रुमालाने त्याचं कपाळ टिपलं. निळ्या पडद्यापुढं तो बसला आणि हसू दाबलेला एक सुरेख फोटो आला. बिनशेड.

पुढच्या जानेवारीत त्याचा ट्रक कच्छला गेला होता. सव्वीस तारखेला सकाळी तिकडं भूकंप झाला. भगवंतचा बाप चांगदेव, धरणाकाठी थोडी शेती आणि वर मासेमारी करणारा माणूस, ट्रकमालकाबरोबर तिकडं गेला. ट्रक सापडला. ड्रायव्हर सापडला नाही, भगवंतही सापडला नाही. चांगदेव परत आला तेव्हा दाढी वाढलेली आणि आवाज बसलेला होता.

तो सरळ शफीभाईंकडं आला. म्हणाला, "भटजींनी पिठाचा पुतळा जाळून इधी उरकायला सांगितलंय. फोटो द्या. शेडचा."

शफीभाईंनी निगेटिव्ह काढली. फोटो धुऊन तारेवर वाळत घातला होता तेवढ्यात मागच्या एसटीने साळुबाई आली, भगवंतची आई. बाई तशी बुटकी आणि मुकाट, पण त्या दिवशी तिने तो ओला फोटो तारेवरून ओढून काढला आणि फाडला.

"कुणी बघितलंय माझ्या लेकराला मेलेलं? तुमी बघितलंय?" तिने नवऱ्याला विचारलं.

"मी गाव बघून आलोय," चांगदेव म्हणाला. "तिथं भिंत म्हणून उरली न्हाई, साळे."

"भिंतीचं मला सांगू नका. मी पोराचं इचारती."

चांगदेव वळला. बाहेर येऊन माझ्या फळीवर बसला. आत शफीभाई साळुबाईला म्हणाले, "ताई, तुमी सांगत न्हाई तोवर भगवंतला शेड न्हाई. माझी जबान हाय."

पुतळा झाला नाही, दशक्रिया झाली नाही. साळुबाईने पोस्टकार्डाएवढ्या फोटोंची चळत करून घेतली. डिंभ्याला तिच्या घरी फोन नव्हता, म्हणून शफीभाईंनी प्रत्येक फोटोच्या मागं भगवंतचं नाव, गाव आणि आपल्या स्टुडिओचा फोन नंबर लिहून दिला. ते फोटो घेऊन ती मंचरच्या बाजारात जायची आणि गुजरातकडं निघालेल्या ट्रकवाल्यांना एकेक द्यायची. फोटो संपले की पुन्हा शफीभाईंकडं. दारात आली की आधी एकच शब्द, "फोन?"

शफीभाई मान हलवायचे. "न्हाई, ताई."

"बरं," असं म्हणून ती बाकड्यावर बसायची, पाणी प्यायची, नवे फोटो घ्यायची. एकदा असंच रोलमधलं शेवटचं चित्र उरलं होतं, म्हणून शफीभाईंनी तिचाच फोटो काढला. ती लाजली. "माझा कशाला," म्हणाली, "मी काय हरवलीया?"

वर्षं अशीच गेली. तिला खरं काय ते कुणीतरी सांगायला हवं असं मला वाटायचं, आणि मी तोंड उघडलं की शफीभाई डोळ्यांनीच दटावायचे. लई दिवस झाले म्हणून माणूस मेलं असं होत नाही, असं त्यांचं म्हणणं. बाई जेवतेय, चालतेय, मंचरला जातेय. त्यात वाईट काय?

मग रोल गेले, डिजिटल आलं. शफीभाईंनी अंधारी खोली मोडून तिथं कॉम्प्युटर ठेवला. त्यांची मुलगी इफरा कॉलेजात होती. तिने कुठूनशी सीडी आणून फुकटात मिळणारं फोटोंचं सॉफ्टवेअर त्यात घातलं आणि बापाला शिकवायला बसली. पत्र्याआडून मला सगळी शिकवणी ऐकू यायची. चेहऱ्याभोवती अंडाकृती घेर काढायचा. त्या घेराची कड मऊ करायची, नाहीतर कात्रीने कापल्यासारखं दिसतं. मग निवड उलटी करायची, म्हणजे चेहरा सुटतो आणि बाहेरचं तेवढं हातात राहतं. त्यावर काळ्या रंगाचा थर द्यायचा आणि तो थर पातळ करत करत न्यायचा.

"अब्बू, अजून कमी," इफरा म्हणायची. "शेड दिलीय हे कळलंच नाही पाहिजे, फक्त चेहरा जवळ आल्यासारखा वाटला पाहिजे."

शफीभाईंना त्याचं वेडच लागलं. जो अंधार पूर्वी हाताने हलवून जमवायचा, तो आता माउसच्या टोकावर आला होता. मला बोलावून दाखवायचे. "बघा गेणभाऊ, दिसतीय का शेड?" मी म्हणायचो नाही. "पण हाय!" असं म्हणून ते टाळी द्यायचे. पन्नाशीचा माणूस, पोरासारखा खूश.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात साळुबाईने पुन्हा फोटो मागितले. निगेटिव्ह काढली तर तिला बुरशी लागलेली. कडांनी पांढरे फाटे फुटले होते, एक तर भगवंतच्या खांद्यापर्यंत आलेला. शफीभाईंनी ती स्कॅन केली आणि दोन दिवस एकेक ठिपका पुसत बसले. चेहरा त्यांनी जसाच्या तसा सोडवून आणला, भुवईतली खोकसुद्धा. पण कोपऱ्यांतली बुरशी काही केल्या पूर्ण जाईना. तेव्हा त्यांनी कडांना शेड दिली. अगदी हलकी. बुरशी झाकण्यापुरती.

साळुबाई आली ती दुपारच्या एसटीने. "फोन?" म्हणाली. शफीभाईंनी मान हलवली आणि पाकीट तिच्या हातात दिलं. तिने वरचा फोटो काढला, उजेडाला म्हणून दारात आली. मी काच कापत होतो, ती मला समोरच दिसत होती. तिने फोटो जवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ नेला. मग आत जाऊन बाकड्यावर बसली.

"कवा आला फोन?" तिने विचारलं.

शफीभाईंना कळेना. "कसला फोन, ताई?"

"लपवू नका, शफीभाऊ. शेड दिलीया तुमी. जबान देऊन दिली, म्हंजी फोन आल्याबिगर दिली नसंल. कवा आला? कोण बोललं? कुठं घावला माझा भगवंत?"

हातातली काच तशीच टाकून मी पत्र्याच्या पलीकडं गेलो. शफीभाई पांढरेफटक पडले होते. फोन आलेला नाही, कुणाचाच आलेला नाही, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. त्यांनी तिला बुरशी लागलेली निगेटिव्ह दाखवली. तिला ती बघायचीच नव्हती. त्यांनी तिला हाताला धरून कॉम्प्युटरसमोर उभं केलं. "हे बघा ताई, नुसतं बटन हाय. हे दाबलं की शेड गेली. बघा, गेली. हे दाबलं की आली. त्याच्यात काय बी न्हाई."

पडद्यावर भगवंतच्या चेहऱ्याभोवतीचा अंधार गेला, आला, पुन्हा गेला. साळुबाई ते बघत राहिली.

"तुमीच देताय आन् तुमीच काढताय," ती म्हणाली. "आता ह्याच्यातलं खरं कंचं?"

शफीभाईंनी माउस सोडला. मग साळुबाईने त्या कॉम्प्युटरच्या टेबलावर डोकं ठेवलं आणि जो हंबरडा फोडला तो स्टँडवरची माणसं उठून येण्याइतका मोठा होता. पाच वर्षं ती बाई रडली नव्हती. ते सगळं तिथं बाहेर आलं, आणि आम्ही दोन मोठी माणसं तिथं खांबासारखी उभी राहिलो. तिला आवरायचं कसं हे आम्हाला कळत नव्हतं. शेवटी शफीभाईंनी तो पांढरा रुमाल तिच्यापुढं धरला. तिने तो घेतला नाही. फोटोही घेतले नाहीत.

ती गेल्यावर मी शफीभाईंना नाही नाही ते बोललो. "काय गरज व्हती? हात शिवशिवत व्हता तुमचा! दिसली असती बुरशी तर दिसली असती."

"मला वाटलं कळणार न्हाई," ते म्हणाले. "तुमाला कुठं कळती, गेणभाऊ?"

"मी त्याची आई हाय व्हय?"

त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. मी माझ्या दुकानात निघून गेलो, त्यांचे डोळे बघवत नव्हते.

साळुबाई पुन्हा आली नाही. एकदा चांगदेव बाजाराला आला तेव्हा म्हणाला की ती मंचरला जायची बंद झालीय. विधी करू का विचारलं तर नको म्हणते, आणि वाटही बघत नाही. रस्त्याकडं पाठ करून बसते. "आदी वाट बघत व्हती तवा निदान जेवत तरी व्हती," एवढं बोलून तो पिशवी उचलून गेला. त्याने शफीभाईंना एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

शफीभाईंना राहवेना. एका सकाळी इफराला बरोबर घेऊन ते डिंभ्याला गेले. मला त्यांनी हे खूप नंतर सांगितलं. साळुबाईच्या ओट्यावर उभं राहून त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि शपथ घेतली, फोन आला नाही. साळुबाईने इफराला जवळ बसवलं, चहा दिला. मग म्हणाली, "तुमी खोटं बोलत न्हाई, शफीभाऊ. फोन आला नसंल. पर मला शेड दिसली. ती आता डोळ्यातनं कशी काढू, सांगा."

ते परत आले आणि त्यांनी शेड द्यायची सोडली. कुणालाच नाही. कुणी दशक्रियेसाठी फोटो मागितला तर साधा करून द्यायचे, शेडच पाहिजे म्हणून हटून बसला तर मंचरचा पत्ता सांगायचे. धंदा बसला तरी ऐकलं नाही. माझाही बसला, पण मी तोंड बंद ठेवलं, हे माझ्या स्वभावाला धरून नव्हतं. एक मात्र त्यांनी केलं. सगळ्यांच्या हातात मोबाइल आले, स्टँडवरचा पिवळा फोनचा डबासुद्धा गेला, पण शफीभाईंनी स्टुडिओतला तो जुना फोन काढला नाही. त्याला येणारे फोन थांबले होते. ते रोज सकाळी त्याच्यावरची धूळ पुसायचे. नंबर त्या फोटोंच्या मागं लिहिलेला होता ना.

दोन हजार नऊच्या दिवाळीनंतर साळुबाई गेली. झोपेत गेली म्हणे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चांगदेव आला, डोकं भादरलेलं, अंगावर उपरणं. शफीभाईंनी मलाही आत बोलावलं, एकट्याने ऐकायचं त्यांना धाडस नव्हतं.

"तिचा फोटो तुमी काढला व्हता," चांगदेव म्हणाला. "तो हाय का?"

"हाय," शफीभाई म्हणाले. "जपून ठेवलाय."

"मंग तिचा आन् भगवंतचा शेजारी शेजारी करा. एकाच फ्रेमात."

शफीभाईंनी खाली मान घातली. मग विचारलं, "शेड?"

"हिला द्या," चांगदेव म्हणाला. "त्याला नको."

मला वाटलं मी चुकून ऐकलं. शफीभाईंनाही तसंच वाटलं असावं. ते म्हणाले, "चांगदेवभाऊ, तुमीच तर पयल्यापासून म्हणत व्हता..."

"म्हणत व्हतो," चांगदेव म्हणाला. "वाट बघाया ती बसली व्हती, म्हणून मला म्हणता येत व्हतं. आता ती न्हाई. आता मी बी तसंच म्हणलो तर पोराची वाट बघाया कोण ऱ्हायलं?"

मी उठून माझ्या दुकानात गेलो. मला तिथं बसवेना. मग पत्र्याआड कॉम्प्युटर सुरू झाला. शफीभाई शेडला तीन वर्षांनी हात लावत होते, काहीबाही चुकत होतं, पुन्हा करत होते. संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. पडद्यावर लाजलेली साळुबाई होती आणि तिच्या शेजारी हसू दाबणारा भगवंत. तिच्या बाजूच्या कडा काळवंडत गेल्या होत्या आणि तो अंधार पातळ होत होत भगवंतच्या खांद्याच्या अलीकडंच संपला होता. त्याच्या बाजूच्या कोपऱ्यात बुरशीचे पांढरे फाटे तसेच होते. त्यांना शफीभाईंनी हात लावला नव्हता. खिशातला रुमाल काढून ते पडद्यावर साळुबाईचं कपाळ पुसत होते. धूळ वगैरे काही नव्हती तिथं.

दुसऱ्या दिवशी मी फ्रेम केली. हाराचे खिळे नेहमी दोन्ही टोकांना मारतो. या फ्रेमला एक साळुबाईच्या बाजूला, डाव्या टोकाला मारला आणि एक बरोबर मध्ये. चंदनाचा हार दुमडून अर्ध्यात बसवला.

चांगदेव फ्रेम घ्यायला आला. त्याने ती उन्हात नेऊन बघितली, भगवंतच्या बाजूवरून बोट फिरवलं, कडेपर्यंत. शेड नसल्याची खात्री करून घेतली. मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधून दिली. डिंभ्याची एसटी लागली होती आणि तिचा काही भरवसा नसतो, म्हणून मी म्हणालो, चला, सुटेल. तो दोन पावलं गेला आणि मागं वळून शफीभाईंच्या दारात उभा राहिला.

"फोन चालू हाय न्हवं?" त्याने विचारलं.

शफीभाईंनी रिसीव्हर उचलला आणि चांगदेवच्या कानाला लावला. फ्रेम काखेत धरून तो आतली घरघर ऐकत राहिला. कंडक्टरने दोनदा हाक मारली, तरी तो ऐकतच होता.